नाही म्हणण्याचा परवाना

"टेकू आज निघाले नाहीत तर उद्या पालखी फिरणार कुठं?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या मागे पहारी आणि हातोडे घेतलेली माणसं उभी होती. मी गॅलरीच्या खाली होते. घराच्या पुढच्या भिंतीतून पाच फूट बाहेर आलेला स्लॅब माझ्या डोक्यावर होता आणि तो अजून लोखंडी टेकूंवर होता.

"टेकू काढू नका," मी म्हणाले. "मला आधी स्लॅब तपासायचा आहे."

"तुम्ही कोण?"

प्रश्न रास्त होता. घरमालकीण मला ओळखत नव्हती. तिने मला बोलावलंही नव्हतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पेणला माझं ऑफिस आहे. घर कसं दिसेल ते आर्किटेक्ट ठरवतो. ते उभं कसं राहील, कुठे किती जाडीची सळई लागेल, हे मी ठरवते. त्या कागदावर माझी सही असते. काम चुकलं तर माझा सही करण्याचा अधिकार जाऊ शकतो. लोकांना वाटतं या धंद्यात गणित महत्त्वाचं. गणित आता कम्प्युटर करतो. माझा बराचसा दिवस लोकांना नाही म्हणण्यात जातो. त्यामुळे वास्तुशांतीची आमंत्रणं फारशी येत नाहीत.

हे घर रोहा तालुक्यातलं. खांब नावाच्या गावाच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की भातशेतीच्या मधोमध एक गाव लागतं, तिथलं. मालकीण सुमनकाकी. नवरा वारल्यावर त्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे आप्पांच्या, घराच्या मागच्या खोल्यांत राहत होत्या. एकुलती एक मुलगी डोलवीला दिलेली, जावई कंपनीत शिफ्टवर. चैत्रात गावदेवीची पालखी दारोदार जाते. ती प्रत्येक अंगणात नाचवतात, मग उंबऱ्याशी टेकवतात. इतकी वर्षं सुमनकाकींनी पालखी ओवाळली ती आप्पांच्या अंगणात, जावांच्या रांगेत शेवटी उभं राहून. या वर्षी त्यांचं स्वतःचं घर झालं होतं. पालखी त्यांच्या दाराशी यायची होती आणि सगळे भाऊबंद वर गॅलरीत उभे राहून ती बघणार होते.

टेकू उभे होते ते बरोबर अंगणाच्या मध्यावर, पालखी नाचायच्या जागेत.

मला फोन केला होता बबनने. बबन या घराचा ठेकेदार. पूर्वी तो सेंट्रिंगचा मिस्त्री होता. स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेकू यांचा जो साचा उभा करतात, ते सेंट्रिंग. डोलवीजवळच्या एका वसाहतीच्या कामावर मी साइट इंजिनिअर असताना तो माझ्या हाताखाली होता. पुढे गावी जाऊन घरं बांधायला लागला. परवाना कसला लागतो, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला विचारलं नाही. गावात ठेकेदार व्हायला एक मिक्सर आणि चार ओळखी लागतात. बबनकडे ओळखी चारपेक्षा जास्त होत्या, कारण निम्मं गाव त्याच्या भावकीतलं. सुमनकाकी त्याच्या चुलत चुलती.

"मॅडम, गॅलरीचा कडेचा एक टेकू सैल केला," तो फोनवर म्हणाला. "स्लॅब खाली आला जरासा. परत आवळला. वरनं भिंतीलगत चीर गेलीय. केसाएवढी हाय, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"कोणाला सांगितलंस?"

"नाय."

"घरवाल्यांना?"

"तुम्ही येऊन सांगा. माझं नाव नका घेऊ."

मी चिडले. पण चीर भिंतीलगत आणि वरच्या अंगाला म्हटल्यावर थांबण्यासारखं काही नव्हतं. पेणहून निघाले, गडब आणि नागोठणं मागे टाकलं आणि पोचले तेव्हा पहारी आलेल्या होत्या.

आप्पांच्या प्रश्नाला मी नाव आणि धंदा सांगितला. बबन वाळूच्या ढिगाजवळ उभा राहून चपलेतले खडे काढत होता. बराच वेळ काढत होता.

सुमनकाकी आतून पाणी घेऊन आल्या. "बसा मॅडम. कोणी पाठवलं तुम्हाला?"

"मी जाता जाता चीर बघितली," मी म्हणाले. खालून ती दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वाळूच्या ढिगाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

"तपासायचं म्हणजे काय करणार?" आप्पा म्हणाले. "डॉक्टरासारखी नळी लावणार?"

"एक लहान खड्डा करणार."

"नव्या स्लॅबला भोक? मुहूर्त छान काढलात."

माणसं हसली. मीही हसले असते, पण वर गेल्यावर चीर माझ्या अपेक्षेपेक्षा सरळ निघाली. वेडीवाकडी चीर बहुधा प्लास्टरची असते. पट्टीने मारल्यासारखी सरळ चीर स्लॅबची असते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. घरातला साधा स्लॅब दोन्ही बाजूंनी भिंतींवर किंवा बीमवर टेकलेला असतो. वजन पडलं की तो मधे खाली वाकतो आणि खालच्या अंगाला ताणला जातो. काँक्रीट दाबलं तर टिकतं, ताणलं तर तुटतं. म्हणून ताण जिथे, तिथे लोखंड, म्हणजे साध्या स्लॅबमध्ये सळई खाली. गॅलरीचं उलटं. ती एकाच बाजूने घराला धरलेली असते, दुसरी बाजू हवेत. हात पुढे करून कोणी भरलेली कळशी धरली की कळ खांद्याच्या वरच्या अंगाला लागते, तसा तिचा ताण वरच्या अंगाला असतो. म्हणून गॅलरीची सळई वर हवी. ती वर राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या लोखंडाचे छोटे तुकडे ठेवतात. त्यांना आम्ही खुर्ची म्हणतो. खुर्ची मोडली की सळई खाली जाते. गॅलरीत सळई खाली गेली की ती नसल्यातच जमा.

मी चिरेशेजारी छिन्नीने खड्डा करायला सांगितला. वरून दोन बोटांच्या आत सळई लागायला हवी होती. लागली नाही. खड्डा खोल गेला. शेवटी छिन्नीचा आवाज बदलला तेव्हा स्लॅबचा तळ हाताशी आला होता. सळई तिथे होती. जाड होती, दाट लावलेली होती.

"डबल मारलीय सळई," बबन पहिल्यांदा बोलला. "काकींनी तीनची गॅलरी पाच फूट करायला सांगितली म्हणून डबल मारली."

"डबल आहे," मी म्हणाले. "तळाला आहे."

त्याला हे नवीन नसावं.

खाली आल्यावर मी सांगितलं की टेकू काढले तर गॅलरी उभी राहील याची खात्री नाही. माणसं चढली तर पडेल, असं मला वाटतं. सुमनकाकी आत गेल्या आणि मोबाइल घेऊन आल्या. त्यांना राग आलेला नव्हता. माझा गैरसमज दूर करायचा होता.

"हे बघा. स्लॅबच्या दिवसाचा फोटो. एवढी माणसं उभी होती गॅलरीवर. काय झालं का?"

या भागात स्लॅब टाकण्याचा दिवस म्हणजे घरचं कार्य असतं. भाऊबंद येतात, जेवण असतं, कामाच्या माणसांना पहिला मान असतो. मालक वर चढून नारळ फोडतो आणि काँक्रीटचं पहिलं घमेलं घरातला मोठा माणूस ओततो. ते झाल्याशिवाय मिक्सर सुरू होत नाही. याला कोणाची हरकत असायचं कारण नाही. नारळ कुठे उभं राहून फोडायचा, एवढाच प्रश्न असतो.

फोटोत सगळे गॅलरीवर उभे होते. रस्त्याकडची बाजू, फोटो चांगला येतो. मधे आप्पा, हातात घमेलं. शेजारी सुमनकाकी, नव्या साडीत. मुलगी, नातवंडं, जावा, पुतणे. काँक्रीट अजून पडायचं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या पायांखाली उघड्या सळयांची जाळी होती. मी फोटो मोठा केला. चेहरे सोडले आणि पाय बघितले. जाळी पायांखाली दबून फळ्यांना टेकली होती. आप्पांच्या पायाशी एक खुर्ची आडवी पडलेली स्पष्ट दिसत होती.

मी मोबाइल आप्पांना दिला आणि बोटाने दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"हे माझे पाय," ते म्हणाले.

"हो."

"मग माझ्यामुळं झालं म्हणता?"

"सगळ्यांमुळे झालं. वर काँक्रीट पडलं आणि सळई तिथेच राहिली."

सुमनकाकी बबनकडे वळल्या. "तू होतास ना तिथं?"

"व्हय काकी."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं."

"मग बोलला का नायस?"

बबनने वाळूचा ढीग सोडला आणि अंगणात आला. "काय बोलू? आप्पा उभे, तुम्ही उभ्या. ताई पोरांना घेऊन उभी. नारळ फुटला होता. खाली उतरा सगळे, असं म्हणू? तुमच्यात लहानाचा मोठा झालो मी."

"म्हणायचं होतं," आप्पा म्हणाले.

"म्हटलं असतं तर उतरला असतात?"

आप्पांनी चष्मा खाली घेतला आणि मोबाइल सुमनकाकींना परत दिला.

"तुम्ही जेवायला गेल्यावर उचलून घेऊ म्हटलं," बबन म्हणाला. "पण मिक्सरवाल्याला दुसरीकडं जायचं होतं. तो ओतत सुटला. जेवढ्या हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या."

मार्ग दोन होते. पहिला, गॅलरीच्या बाहेरच्या कडेला दोन खांब आणि एक बीम. मग गॅलरी दोन्ही बाजूंनी टेकते, साध्या स्लॅबसारखी होते आणि खाली गेलेली सळई योग्य जागी येते. इंजिनिअर म्हणून मला हा मार्ग आवडतो, यात काही वाया जात नाही. पण खांब कायमचे अंगणात आले असते, टेकूंच्याच जागी. पालखी नाचायला जागा उरली नसती. या वर्षीच नाही, कधीच. दुसरा मार्ग, गॅलरी भिंतीपाशी कापून टाकणं.

सुमनकाकी पायरीवर बसल्या. "टेकू तेवढे उद्यापुरते काढले आणि परत लावले तर?"

"नाही."

"वर कोणाला चढू नाय दिलं तर?"

"तरी खाली पालखी असेल. पालखीखाली माणसं असतील."

"आणि उद्या काय नाय झालं तर?"

"तर परवा होईल. किंवा पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी पण नाय झालं तर?"

"मग मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण चालेल असं मी सांगणार नाही."

आप्पा म्हणाले, "पालखी माझ्याकडं येतेच. या वर्षी पण तिथंच ओवाळ. यात काय कमीपणा हाय का?"

तोडगा सोपा होता आणि आप्पा तो मनापासून सांगत होते. सुमनकाकी टेकूंकडे बघत होत्या. नातवंडांना वर कुठे उभं करायचं, हेसुद्धा त्यांनी ठरवलेलं होतं, असं मला नंतर कळलं.

"बबन," त्या म्हणाल्या, "कापायचं तर किती वेळ लागेल?"

"आता लागलो तर उद्या दुपारपर्यंत होईल."

"मग लाग. खांब नकोत. अंगण मोकळं पाहिजे."

रोह्याहून ब्रेकर आणला. ब्रेकर म्हणजे काँक्रीट फोडायचं मोठं ड्रिल. गॅलरी टेकूंवर ठेवूनच बाहेरच्या कडेकडून तुकड्यातुकड्याने फोडायची, भिंतीकडचा भाग शेवटी, असा क्रम मी लिहून दिला. बबनने तो पाळला. गावातली माणसं येऊन बघून गेली. नवं घर फोडणारी माणसं बघायला मिळत नाहीत. कोणी थांबलं नाही आणि चहा झाला का, असं मला कोणी विचारलं नाही. पहारी घेऊन आलेली माणसंही निघून गेली होती. बबन आणि त्याचे दोन बिहारी कामगार एवढेच होते. सळया कापताना तो एकदा म्हणाला, "टेकू एकदम काढून पाडलं असतं तर निदान बघितलं असतं सगळ्यांनी."

तो म्हणत होता ते खरं होतं. जे पडलं नाही त्याचा पुरावा नसतो. आम्ही गॅलरी इतकी व्यवस्थित उतरवली की ती पडली असती, हे सांगायला माझ्या शब्दाखेरीज काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. भिंतीतून कापलेल्या सळयांची टोकं बाहेर दिसत होती. वरच्या मजल्यावरचं गॅलरीचं दार उघडलं तर समोर हवा होती, म्हणून मी ते आतून फळ्या ठोकून बंद करायला लावलं. संध्याकाळी पालखी आली. अंगणात नाचली. उंबऱ्याशी टेकवली तेव्हा सुमनकाकींनी ओवाळलं, ओटी भरली. मुलगी आणि नातवंडं खाली, बाजूला उभी होती. बाकी भाऊबंद शेजारच्या आप्पांच्या ओटीवरून बघत होते, नेहमीसारखे. त्यांचा रोष होता असं नाही. इथे उभं राहायला जागा कुठे आहे, असं एकीने मला सांगितलं. पालखी पुढे गेली आणि तिच्यामागे सगळे गेले. जावयाची शिफ्ट होती म्हणून मुलगीही निघाली.

सुमनकाकी पायरीवर बसल्या. मी गाडीची किल्ली शोधत होते.

"तुम्ही एकट्याच येता कामाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जेवून जा. पुरण जास्त झालंय."

मी जेवले. आम्ही दोघीच होतो. त्या गॅलरीबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की या बाजूने सकाळी ऊन थेट ओटीवर येईल, गॅलरीने ते अडलं असतं.

महिन्याभरात ती गोष्ट पेणला पोचली, ती अशी: खांबकडे एका घराचा स्लॅब पडला, ठेकेदार बबन. पडला नव्हता, हे मी भेटेल त्याला सांगितलं. बबनची हातातली दोन कामं गेली. ती ज्या दोघांना मिळाली त्यांच्याकडेही परवाना नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाशी बबन माझ्या ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"मॅडम, लायसन कुठं मिळतं?"

मी त्याला आहे ते सांगितलं. सरकारी काम घ्यायचं तर ठेकेदाराची नोंदणी करावी लागते, तिच्या अटी मोठ्या आहेत. शहरात इंजिनिअर आणि सुपरवायझर यांना परवाना लागतो, त्यासाठी डिप्लोमा वगैरे हवा. गावातलं घर बांधणाऱ्या ठेकेदाराने परीक्षा द्यावी, नाव नोंदवावं, असं ऑफिस माझ्या माहितीत नाही.

"म्हणजे कोणी देतच नाय?"

"तुझ्यासारख्याला नाही. डॉक्टरला लागतो, रिक्षावाल्याला लागतो. घर बांधणाऱ्याला नाही."

"परीक्षा घेतली असती तर पास झालो असतो मी," तो म्हणाला. "सळई वर असते हे मला ठाऊक होतं."

"माहीत आहे."

तो टेबलावरचा माझा रबरी शिक्का बघत होता. नाव, खाली नोंदणी क्रमांक. "तुम्हाला कसं नाय म्हणता येतं? आप्पांना तोंडावर म्हणालात."

"मी हो म्हटलं आणि चुकलं तर हा जाईल."

त्याने शिक्का उचलला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला. "माझ्याकडं जाण्यासारखं काय हाय? फक्त माणसं. नाय म्हटलं की ती जातात."

परवान्याबद्दल बोलणारे लोक शिक्षणाबद्दल बोलतात. ठेकेदार अडाणी असतात, त्यांना शिकवा, परीक्षा घ्या. ते बरोबरच आहे. पण मी पाहिलेल्या बऱ्याच चुका माहीत नसल्यामुळे झालेल्या नव्हत्या. मालक सांगतो, ठेकेदार ऐकतो, कारण मालक काका असतो, सरपंच असतो किंवा पुढचं काम देणारा असतो. परवाना म्हणजे काढून घेता येईल अशी एक वस्तू. ती जवळ असली की माणसाला सांगता येतं, मला पटतंय हो, पण माझं लायसन जाईल. मग मालक ठेकेदारावर न चिडता लायसनवर चिडतो. नात्यातल्या माणसांची घरं बांधणाऱ्याला याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

पावसाळा सरल्यावर बबनला एक काम मिळालं. पुढच्या गावात, लहान घर. स्लॅबच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मागे मिक्सर बंद होता आणि माणसांचा आवाज होता.

"मॅडम, तुमचं नाव सांगितलंय इथं. पेणच्या मॅडमनी कोणालाच जाळीवर जायला मनाई केलीय म्हणून. सांगितलं तर चालेल ना?"

"मी ते घर बघितलेलं नाही, बबन."

"नकाच बघू. नाय म्हणा फक्त. स्पीकरवर टाकतो."

तो नवशिका नव्हता आणि त्याचं चुकत नव्हतं. मी म्हणाले, "नारळ खाली फोडा. जाळीवर कोणी जायचं नाही."

पलीकडे एक म्हातारा आवाज म्हणाला, "कोण हाय ही बया?" कोणीतरी हसलं. मग खाली उतरणाऱ्या पायांचे आवाज आले आणि थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला.

आता तो दर स्लॅबला फोन करतो. खांब आणि कोलाडच्या मधल्या गावांत पेणची एक मॅडम आहे, तिला कोणी बघितलेलं नाही आणि ती कोणाला आवडत नाही. घर पुरं झाल्यावर वास्तुशांतीला मला बोलावत नाहीत. सुमनकाकी चैत्रात पालखीच्या आदल्या दिवशी फोन करतात आणि जेवायला या म्हणतात. सळया वर ठेवून गॅलरी परत नीट करता येईल, असं मी त्यांना एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, राहू दे, वर उभं राहायला कोण आहे.

ठेकेदारांना परवाना द्यायला हवा. तोपर्यंत मी फोन उचलते.